कायमचा पत्ता

खांब क्रमांक सत्तावीस.
वसतिगृहाकडून वाचनालयाकडे जाताना
तिसऱ्या वळणावर, शिरीषाखाली.
जूनपासून बंद.

तेवढ्यासाठी अर्ज लिहिला मी, दुसरं काही मनात नव्हतं.
वाकडेवाडीच्या स्टँडवर बॅग उतरवताना
अप्पांनी बजावलं होतं, "राजकारणात पडू नको."
ते स्वतः तीन मतांनी पडलेले,
आणि ती तीन घरं कोणती
यावर अजून आमच्याकडे जेवताना चर्चा होते.

पहिली सही रोशनी पाडवीची.
कशाला, असं तिनं विचारलंही नाही.
तिच्या पाड्यावर म्हणे सभेत बाया मागे बसतात
आणि मागूनच सगळ्यांत मोठ्यानं बोलतात.
मृण्मयीनं मात्र अर्ज दोनदा वाचला.
"हे कुणाकुणाकडे जाईल गं?"
तिची स्कॉलरशिप दीड वर्ष अडकलेली,
आणखी कशात अडकायची तिची तयारी नव्हती.
इम्तियाज पिंजारी पेन हातात घेऊन
बराच वेळ उभा राहिला, मग म्हणाला,
"तीस सह्या मी आणून देतो. माझी तेवढी नको."
मी आग्रह केला नाही.
रात्री झोप लागेना, त्या न केलेल्या आग्रहाचं
करायचं काय ते कळेना.

संघटनेचे दोघं आले मोटरसायकलवरून,
बॅनर आमचा म्हणाले, खांब तुमचा.
बघते म्हटलं.
मेसच्या काकूंनी मात्र पीठाच्या हातानंच सही केली,
डबे पोचवणारा त्यांचा पोरगा तिथंच घसरला होता.

एकेचाळीस झाल्या.

विद्यापीठ म्हणालं, खांब महापालिकेचा.
औंधच्या कार्यालयात म्हणाले, विद्यापीठाचा.
टेबलामागचे गृहस्थ वाईट नव्हते, चहा सांगितला,
चष्मा कपाळावर सरकवून सह्या मोजल्या
आणि विचारलं, "यातले इथले मतदार किती?"
मी मागे वळून पाहिलं.
मागे भिंत होती, भिंतीवर गेल्या वर्षीचं कॅलेंडर.
"आता असं बघा," ते म्हणाले,
आणि पुढे काही म्हणालेच नाहीत.

माझं मत भूम तालुक्यात आहे.
दर निवडणुकीला फोन येतो,
शनिवारी रात्री गाडी लावलीय, तुझी जागा धरलीय.
गाडीत पुण्यात पांगलेली आमची अख्खी आळी:
परीक्षा देणारे, पार्सल पोचवणारे, एक नर्स,
आणि भिगवणला जेवण, ज्याची गाडी त्याच्याकडून.
सोमवारी प्रॅक्टिकलला बोटावरची शाई बघून
मॅडम म्हणतात, पेन गळतंय वाटतं.
गावात आता कुठला नळ कोरडा आहे मला ठाऊक नाही.
इथला खड्डा न् खड्डा मी अंधारात ओलांडते.

आठ नंबरचा फॉर्म आणला. रेक्टरचा दाखला आणला.
मग अप्पांना फोन केला.
"तिकडं नाव नेलंस, तर मी चारनं पडेन."
हसले. मीही हसले.
मग लाइन कटली असं वाटण्याइतका वेळ गेला.
"त्या वाटेवर अंधार कितीसा असतो?"
मी म्हटलं, इतका काही नसतो.

फॉर्म अजून बॅगेत आहे, भूगोलाच्या नकाशांमध्ये.

काल वाचनालयातून येताना
इम्तियाजनं मोबाइलचा टॉर्च खांबावर धरला,
उडालेल्या रंगावर नख फिरवलं.
सत्तावीस नाहीच हा.
सदतीस आहे.
अर्ज चुकीच्या खांबाचा, सह्या चुकीच्या खांबाला,
आणि सत्तावीस नंबर, तिकडे गेटपाशी,
चांगला भर दुपारीसुद्धा जळत असतो.

"म्हणजे परत एकेचाळीस," तो म्हणाला.
पेन त्याच्याच खिशात राहिलं होतं त्या दिवसापासून.
मी मागितलं नाही.