कागद दाखव

आलास? दार न वाजवता,
माझ्या हवामानाच्या पानावर पाय पसरून?
थांब. आधी कागद दाखव.

एकतीस वर्षं मी त्रिएस्तेच्या बंदरात
कॉफीच्या पोत्यांवरची शिशाची मोहोर
अंगठ्याने चाचपून सांगत आले,
खरी कुठली, आणि काल रात्री कुणी ओतलेली कुठली.
सांतोसचं पोतं, मोम्बासाचं पोतं
डोळे मिटून ओळखायचे, वासावरून.
तुला वासच नाही. तेवढा एक फायदा तुझा.

बाकी सगळं जुनंच आहे रे.
लाल पट्टी, भोंगा, उलटे धावणारे आकडे.
ज्याला घाई, त्याच्या पोत्यात हात घालायचा,
हे फुर्लानबाईंनी मला पहिल्याच आठवड्यात शिकवलं.
"तुमची संगणक आजारी आहे," लिहितोस.
व्याकरण तरी धड चोरायचंस.
पाच विषाणू म्हणे. मोजले कुणी?
तूच. चोराच्या उलट्या बोंबा.

आणि कोपऱ्यातली ती फुली.
दाबली मी, तुला घालवायला दाबली.
फुली नव्हतीच ती, फुलीचं चित्र होतं,
भिंतीवर रंगवलेलं दार.
कपाळ आपटलं माझं. एकाचे चार झालात.

बरं, हेही लिहून घे, कबूल करते:
परवा तो नंबर मी फिरवला.
बोरा सुटला होता, खिडक्यांच्या झडपा दात वाजवत होत्या,
आणि दिवसभरात मी फक्त पाववाल्याशी बोलले होते.
पलीकडचा पोरगा म्हणाला, मी मार्को.
नावाआधी एवढासा थांबला,
खोट्या पासपोर्टवाले थांबतात तेवढाच.
त्याच्यामागे पन्नास मार्को बोलत होते.
मी विचारलं, किती वाजले तुझ्याकडे?
गप्प. मग वेगळ्याच आवाजात, बहुधा स्वतःच्या,
"पहाटेचे सव्वातीन," म्हणाला
आणि फोन ठेवला.

आज सकाळी तपासणीला बसले.
परवानग्यांची यादी उघडली. अकरा नावं,
कधीतरी "हो" म्हटलेली, एकही ओळखीचं नाही.
एकेकाला धक्क्यावरून माघारी धाडलं.
मग आत आलेला माल, तारखेनुसार.
चौदा मार्च:
त्या दिवशी एलियोने फुकटचं बुद्धिबळ उतरवलं होतं.
त्याच पोत्यात, तळाशी, तुम्ही तिघं.

फुकट म्हणजे काय, मी त्याला सांगायला हवं होतं.
चाळीस वर्षं कस्टमवालीशी संसार करून
माणूस न वाचता "पुढे", "पुढे" दाबत गेला.

तुम्हाला काढायचं तर ते बुद्धिबळही जाणार.
आणि त्यात त्याचा डाव आहे,
ऑगस्टपासून तसाच, अर्धा.

पेन्सिल घेतली. विजेच्या बिलामागे
चौसष्ट घरं आखली.
वजीर, दोन हत्ती, कारण नसताना कडेला गेलेला घोडा,
असाच खेळायचा तो.
उतरवून घेतलं. पुन्हा ताडून पाहिलं.
एक प्यादं राहिलं होतं, तेही मांडलं.
मग: काढून टाकायचं? हो.
नक्की काढून टाकायचं?
हो म्हटलं ना.

पडदा रिकामा. समुद्राचा एक फोटो तेवढा,
त्यानेच काढलेला, क्षितिज तिरकं.
हवामान: बोरा उद्यापर्यंत.

दुपारी एक खरा निरोप आला,
हळूच, कोपऱ्यात, भोंगा न वाजवता:
सुधारणा तयार आहेत, सवडीने करा.
कागद बरोबर होते. मोहोरही बरोबर.
तरी तीन वाजेपर्यंत
त्याला मी बाहेरच उभं केलं.