नमुना

अर्धा तास आधी काही खायचं नाही,
पाणीसुद्धा नाही, असं डबीवर लिहिलंय.
प्रमोदिनी सोप्यावर माझ्यासमोर, घड्याळ हातात धरून.
स्विंडनहून आणलेली नळी तिनं
चहाच्या बशीत आडवी ठेवलीय.

"बायकांच्या थुंकीत आजोबा सापडत नाहीत गं.
बापाकडून मुलग्याला, एवढीच ती वाट.
शाबामामा गेले. बाबलदादा गेला.
आता तूच..."
थांबते. सॉरी म्हणते. मग पुन्हा सॉरी.
मी म्हणते, असू दे, फेरी आली बघ.

कोमुनिदादीच्या वहीत अजून माझं जुनं नाव आहे.
वर्षाकाठी झोण घ्यायला जाते,
पुरुष गांवकराला मिळणारे तीनशे चाळीस रुपये.
सही मी नव्या नावाची करते.
कारकून मान वर करत नाही,
फक्त शाईची पेटी माझ्याकडे सरकवतो.

पंधरा वर्षांपूर्वी खालच्या त्या धक्क्यावर
पप्पा माझ्या पावलांपुढं थुंकले होते.
"परतून येवं नाका."
फेरीचा फळा उचलला, साखळ्या करकरल्या,
आणि मी गेलो.
त्यांच्या बाराव्याला आले.
गेलो, आले.
घरात कुणाला जमलं नाही ते
व्याकरणानं निमूट करून टाकलं.

आमची देवीही एका रात्रीत नदीपार गेली होती,
फिरंग्यांच्या भीतीनं, टोपलीत, पाल्याखाली.
पलीकडच्या गावात तिला कुणी विचारलं नाही
की तू मूळची कोण.
जत्रेला पप्पा अनवाणी जायचे तिच्या.

तोंड कोरडं पडलंय.
"चिंच आठव," प्रमोदिनी म्हणते.
मी धक्का आठवते.
नळी भरते खुणेपर्यंत, फेसासकट.
फॉर्मवर दोन चौकोन होते,
मी दुसऱ्यात खूण केली.

सहा आठवड्यांनी कंपनीचं पत्र:
आपली माहिती आणि नमुना जुळत नाहीत.
चुकून दुसऱ्या कुणाचा पाठवला गेला आहे का?

जेवणं आटोपल्यावर उत्तर लिहायला बसले.
चूक नाही. लाळ माझीच.
तिच्यात जो पुरुष सापडला असेल
तो शाबा पुतू गांवकर, राहणार दिवाडी.
मी विचारलं तेव्हा बोलला नाही.
आता तुमच्या हाती लागलाच आहे,
तर तुम्ही विचारून बघा,
ओळख देतो का.