वाटा

शिकारीचं मटण फुकट, म्हणतो जयराम.
मी वीजबिलाच्या पाठीवर मांडते:
काडतुसं दोन, बॅटरीचे सेल चार,
उमाजीच्या मोटारसायकलीत पेट्रोल,
हाकाऱ्यांचा चहा, नि चहानंतरचं.
तीन रात्री नुसतं दव अंगावर घेऊन आला.
चौथ्या रात्री सुळ्याने खंड्याचं पोट उसवलं.
कुडाळच्या डॉक्टरने अकरा टाके घातले
आणि बिल हातावर ठेवलं. पुढचं विचारू नका.

डुकर पडला तो नेमका सोमवारी पहाटे,
सासूबाईंचा उपास.
वाटे झाले: बंदुकीचा, हाकाऱ्यांचे, कुत्र्यांचा,
ज्याच्या कुणग्यात पडला त्याचा,
आणि गार्डाच्या कानावर जाऊ नये म्हणून एक.
आमच्या टोपात सव्वा किलो, हाडांसकट.
एवढ्या पैशात बाजारातून अर्धा बोकड आला असता,
वर कलेजी.

बेरीज दाखवणारच होते.
पण तो चुलीशी बसून सांगत होता
बांधावरचं गवत कसं हललं,
आपण श्वास कुठवर धरला.
मे महिन्यापासून एवढं बोलला नव्हता.
शिवाय आमचं अर्धं भात लोळवलं ते याच डुकराने,
तो आकडा कुठल्या बाजूला घालू?

कागद चुलीत सारला.
मग आठवलं,
वाटणाचे दोन नारळ
धरायचे राहिलेच.