नियम क्रमांक सात

फाल्गुनी मॅडमनी ग्रुपवर पीडीएफ टाकली
तेव्हा मी कुकरच्या शिट्ट्या मोजत होते.
नियम क्रमांक सात: संघातल्या प्रत्येक मुलीनं
आयोजकांच्या यादीतल्या हॉटेलातच उतरावं,
किमान दोन रात्री. एकजण बाहेर राहिली
तरी संघ बाद.
आणि खाली, मुंगीच्या पायांएवढ्या अक्षरांत:
नातेवाइकांकडे राहण्याची मुभा नाही.

कितवी शिट्टी ते विसरले.
वरण करपलं.

मी फोन लावला. म्हटलं, मॅडम, इंदूर माझं माहेर आहे.
लोकमान्य नगरात सख्खा भाऊ आहे,
हॉलपासून चार किलोमीटरवर.
त्या म्हणाल्या, बेन, मला कळतं.
पण हॉलचं भाडं, मॅट, पंच, दारातली रुग्णवाहिका,
हे काही प्रवेशफीत बसत नाही.
हॉटेलवाला खोलीमागे त्यांना काहीतरी देतो,
त्यावर स्पर्धा उभी राहते.
काहीतरी म्हणजे किती?
ते मलाही सांगत नाहीत.

चार हजार दोनशे गुणिले दोन, वर कर.
तीच खोली मोबाइलवर एकोणतीसशेला दिसत होती,
पण तिथून घेतलेली खोली धरत नाहीत.
मी बेरीज केली, मग यांच्यापासून लपवून
पुन्हा केली. तेवढीच आली.

दादाला सांगणं त्याहून महाग पडलं.
"माहेरी येऊन हॉटेलात? काय भिया,
आमच्या घराला काय झालं?"
मी नियम वाचून दाखवला.
तो म्हणाला, कुणी केला हा नियम,
त्याला बहीण नाही का?

दाहोदमार्गे रात्रीची बस. पहाटे बायपास.
काउंटरवरच्या मुलानं
कृत्तिकाच्या मनगटावर गुलाबी कागदी पट्टी चिकटवली,
ती नसेल तर हॉलमध्ये सोडत नाहीत,
आणि मला हसून विचारलं,
पहिल्यांदाच येताय इंदूरला?
पत्त्याच्या रकान्यात
मी वडोदरा लिहिलं.

संध्याकाळी दादा आला, डबा घेऊन.
वहिनीनं गराडू तळले होते, जिरावण वेगळ्या पुडीत.
लॉबीत पाटी: बाहेरचे खाद्यपदार्थ आणू नयेत.
मग पार्किंगमध्ये, स्कूटरच्या सीटवर
डबा उघडला. ट्रॅकसूटमधल्या अकरा मुली,
डिसेंबरची थंडी, एकच चमचा.
वॉचमननं पाटीकडे पाठ केली
आणि हात पुढे केला.

ही वर चढते का गं? दादानं विचारलं.
नाही, ही बेस. हिच्या खांद्यांवर
दुसरी उभी राहते.
त्यानं भाचीच्या खांद्याकडे पाहिलं.
टी-शर्ट सरकला होता तिथं
बुटाच्या तळव्याची लाल नक्षी.
दुखतं?
ती म्हणाली, मामा, मोजायचं असतं फक्त.
पाच, सहा, सात, आठ.

अडीच मिनिटांचा कार्यक्रम.
दादानं तीनशेचं तिकीट काढलं,
भलत्याच संघासाठी टाळ्या वाजवल्या.
तिसऱ्या मनोऱ्याला वरची मुलगी डगमगली,
मी पाहत होते खालची.
तिचे गुडघे थरथरत होते,
चेहऱ्यावर मात्र शिकवलेलं हसू
इस्त्री केल्यासारखं.
सातवा नंबर आला.

दुपारी तीनला सगळं संपलं.
दुसरी रात्र तशीच शिल्लक, पैसे भरलेली.
किल्ली पर्समध्ये टाकून
आम्ही लोकमान्य नगरात झोपायला गेलो.
तिकडे बायपासवर तीनशे बारा नंबरची खोली
आमच्या नावानं रात्रभर रिकामी होती,
आणि इकडे जमिनीवरच्या गादीत
कृत्तिका उताणी, हातात गुलाबी पट्टी.
मी कात्री आणली, तर झोपेतच
हात मागे घेतला तिनं.

सकाळी किल्ली द्यायला गेलो.
खोलीतले साबण मी घेतले, चहाच्या पुड्याही.
नाश्ता फुकट होता, म्हणजे
आधीच वसूल झालेला.
दादानं पोह्यांचा एक चमचा तोंडात घातला,
बराच वेळ चावला,
आणि काही न बोलता
प्लेटवर कागदी रुमाल पसरला.