पंचावन्न नंबरचा ठोकळा

डॉन आबदोन आले तेव्हा टोपी डोक्यावर नव्हती,
काखेत होती.
आधी जाकीट आत आलं, मग त्याच्या आतले ते.
"कानांवर उतरते," म्हणाले,
"नदीवरून वारा सुटला की धरून चालावं लागतं.
आणि हे बघ, इथं."

इथं म्हणजे माथ्याच्या पुढच्या चिमटीत,
जिथं चाळीस वर्षं त्यांच्या दोन बोटांनी आणि अंगठ्यानं
सिगसिगच्या प्रत्येक बाईला सलाम केला होता.
कोरडी काडी घडीवरच चिरते.
मी बाबांसारखी खेकसले: काठाला धरा, काठाला!
सगळ्यांना सांगते,
सगळे मान डोलावतात, आणि माथ्यालाच हात घालतात.

फीत उसवली. आतल्या पट्टीमागून
वर्तमानपत्राची दुमडलेली चिंधी निघाली,
मग दुसरी, मग तिसरी, जरा जाड.
टोपी सैल होत गेली तशी त्यांनी ती भरत नेली होती.
फेब्रुवारी, मार्च, मे.
दुखण्याचं विचारायची गरज उरली नाही.

किटली उकळली.
टोकियाची काडी वाफेत आली की
आधी वास सोडते, ओल्या गवताचा, किंचित गंधकाचा,
मग हट्ट सोडते.
तेवढाच वेळ असतो हातात.
आतून मूठ घालून चिमटी वर ढकलायची,
कोंबडीच्या पोटाखालून अंडं काढावं तितक्या हळू.
चाळीस वर्षांचा सलाम वर आला,
माथा गोल झाला, भाबडा,
आणि मधोमध दिसलं ते फूल, काड्यांची पहिली गाठ,
जिथून कुणीतरी बाई कधीतरी विणायला बसली होती.

ते दाराकडे तोंड करून उभे होते.
मी सत्तावन्न ठेवला, गुपचूप पंचावन्न घेतला.
ओली वीण थोडी आखडते,
बाकीचं दोरी बघते.

"कितवा?"
"सत्तावन्न. नेहमीचाच."

वळले नाहीत.
"सत्तावन्नला डाव्या अंगाला गाठ आहे लाकडात.
टेबलावर ठेवला की ठक् वाजतो.
हा टक् वाजला."

विसरलेच होते मी.
फळीवरचे सगळे ठोकळे यांच्याच हातचे,
बोटं थरथरायच्या आधीचे.

मग जवळ आले, ओल्या टोपीवर तळवा ठेवला,
या वेळी मी ओरडले नाही.
"हा तर तुझा," म्हणाले.
"अकरा वर्षांची होतीस. उवा झाल्या म्हणून भादरलेली,
स्टुलावर बसून भोकाड पसरलेलं.
तुझा बाप म्हणाला, डोकं एवढं मोठं आहे, काहीतरी कामाला येऊ दे.
सुतळीनं माप घेतलं मी.
केस नव्हते ना, इतकं नेमकं माप
परत कुणाचं मिळालं नाही."

सव्वीस वर्षं मी या ठोकळ्यावर दोरी आवळतेय.
किती नवऱ्या मुली, किती आटलेले म्हातारे
माझ्या त्या उघड्या, रडक्या डोक्यावर
रात्रभर वाळत राहिले,
आणि मला पत्ता नाही.

दुसऱ्या दिवशी ओल्या फडक्यावरून इस्त्री फिरवली,
टोपी काढली, विचारलं, चिमटी घालू?
"राहू दे," म्हणाले. "पुन्हा मोडायला कशाला."
घातली. बसली.
आरशात बघितलं नाही त्यांनी, माझ्याकडे बघितलं.

पलीकडच्या फरशीवरून तार्हेलियाबाई चालल्या होत्या,
डोक्यावर मक्याची टोपली.
यांचा हात उठला, सवयीनं थेट माथ्याकडे,
तिथं धरायला काही सापडेना,
जरा चाचपडला हवेत,
मग खाली येऊन काठाला लागला.

पैसे राहिलेच.
माझ्या ध्यानात आलं नाही.
त्यांच्या आलं असणार.