डाख

आमचा धंदा गडवांचा.
गोदेचं पाणी भरायचं, तोंडाला डाख द्यायचा
आणि गिऱ्हाइकाच्या कानाशी हलवून दाखवायचं:
ऐका, आहे आत.
डाख बसल्यावर पाणी कोणाला दिसत नाही,
नुसता आवाज घेऊन माणसं
सोलापूरला जातात, इंदूरला जातात.

दुकानासमोर घटेश्वर.
पंचवटीत असली देवळं पन्नास,
रामकुंडाकडे जाणारी गर्दी
त्याच्या पायरीवर चपला झटकते, आत बघत नाही.
पहाटे साडेचारला कौतिकबाई गुरव कुलूप काढायची.
कालचा बेल गोळा करायची,
नातवाच्या पाठीवरून साबण फिरवावा
तसा पिंडीवरून हात फिरवायची
आणि शाळुंकेच्या खाचेत अडकलेला तांदूळ
नखानं काढायची.
बत्तीस वर्षं.
त्याला प्रवेश कोणी म्हटलं नाही.
त्याला झाडलोट म्हणायचे.

मग एका श्रावणात गंगापूर रोडच्या चार मुली आल्या.
बोलायला मऊ, हातात वही.
बायकांनी दर्शन उंबऱ्याबाहेरूनच का?
प्रश्न खरा होता.
मी मनात म्हटलं, खरा आहे,
आणि भाता मारत राहिलो.

विश्वस्तांची बैठक झाली.
तोवर नियम असा नव्हताच, सवय होती.
ती आता टाइप केली, लॅमिनेट केली,
खिळा ठोकून टांगली.
प्लॅस्टिक अजून कोमट होतं,
खाली लिहिलं होतं: अनादी काळापासून.
नियम म्हणजे सगळ्यांना नियम, सेक्रेटरी बेळे म्हणाले,
आणि कौतिकबाईच्या हातातली केरसुणी काढून घेतली.
केरसुणी आत राहिली.

चौथ्या दिवशी टपावर तबकड्या घेतलेल्या गाड्या आल्या.
गल्लीत मावेनात, मालेगाव स्टँडपर्यंत रांग.
घोषणा, उलट घोषणा,
एक हात, एक दार,
हवेत एक चप्पल, कोणाची ते आजही ठाऊक नाही.

रेणुकाचा बाणेरहून फोन:
बाबा, तुमच्याकडे अजून असलं चालतं?
तुमच्याकडे.
याच पायरीवर मी तिचं जावळ काढलंय.
आणि शेजारच्या दाणींचा पोरगा,
ज्याला घटेश्वर म्हणजे सायकल टेकवायची भिंत,
तो कपाळभर आडवे पट्टे ओढून आला,
म्हणाला, काका, तुम्ही कोणाच्या बाजूनं?
दोघांनी एकच क्लिप पाहिली होती.
अर्ध्या मिनिटाची.
तिच्यात पिंड कुठेच नव्हती.

गिऱ्हाईकही बदललं.
आधी विचारायचं, पाणी किती वर्षं टिकतं हो?
आता विचारायला लागलं, ते देऊळ म्हणजे हेच का?
एकानं घेतलेला गडू परत ठेवला,
एकानं सहा घेतले, पाठिंबा म्हणून.
पाणी एकाच घागरीतलं होतं.

आठ महिन्यांनी कागद आला, दार उघडलं.
बरं झालं. हे मी मोठ्यानं म्हणालो,
तेव्हा म्हणायला काही लागत नव्हतं.
वकीलबाईंनी कौतिकबाईला हाताला धरून पुढे आणलं,
पहिला मान तुमचा.
तोंडासमोर माइक:
पहिल्यांदाच आत आलात, कसं वाटतंय?
ती खाली बघत होती.
खाचेत आठ महिन्यांचा तांदूळ, काळा, बुरशीचा.
काढला नाही कोणीच? म्हणाली
आणि वाकून नख घातलं.
ते दाखवलं नाही.
दाखवली ती आधी घेतलेली,
हात जोडलेली, डोळे मिटलेली.

आता कोणीही आत जातं.
रेणुका गेली, फोटो पाठवला.
झाडायला ठेकेदाराचा माणूस येतो, साडेसातनंतर.
कौतिकबाई सोमवारी रांगेत उभी राहते,
हात लावते न लावते तोच
मागची म्हणते, चला मावशी, पुढे चला.

परवा ती दुकानाच्या फळीपाशी टेकली.
एक गडू उचलला, कानाशी हलवला,
ठेवला. दुसरा उचलला, ठेवला.
मग म्हणाली,
डाख न दिलेला नाही का रे एखादा?