मोरी क्रमांक सत्तावीस

नोंदवहीत छापील रकाने चारच:
वेळ. कोणाकडून. कोणाला. निरोप.
पाचवा मी पेन्सिलीने आखलाय:
पोचला का?

डिचोलीची मामलेदार कचेरी, जिन्याखालची खोली.
तीन फोन, दोन वायरलेस,
आणि एक पंखा, जो अशा रात्री बंदच ठेवावा लागतो
कारण त्याच्या घरघरीत धुरींचा आवाज बुडतो.
धुरी धरणावर असतात, हद्दीपलीकडे, दुसऱ्या राज्यात.
त्यांना मी कधी पाहिलेलं नाही.

एक पन्नास. "बाई, दोन दारं उघडतोय.
तुमच्यापर्यंत अडीच तास."

नियम असा, की धुरींनी त्यांच्या जिल्ह्याला कळवायचं,
जिल्ह्याने मुंबईला, मुंबईने पणजीला,
पणजीने मला.
तो निरोप आला पहाटे सहाला दहा कमी असताना.
त्याचीही नोंद केली. सुवाच्य अक्षरात.

तीन पस्तीस. पाण्याला अडीच तासांचा हिशेब कुणी सांगितला नव्हता.
फोनवर एक बाई:
"बाय, आमी जोगणीच्या वडाकडेन. सात जाणां.
उदक दारांत पावलां."

जोगणीचा वड कुठल्याच नकाशात नाही.
बांधकाम खात्यात ती मोरी क्रमांक सत्तावीस.
वीज खात्यात फीडर चारचा शेवटून दुसरा खांब.
जलस्रोतवाले तिला कालव्याच्या मीटरांत मोजतात.
नौदलाचा कोवळा अधिकारी हिंदीत अक्षांश मागत होता,
दशांशासकट.
एकाच भिंतीला पाठ लावून राहणारी ही भावकी,
कुणाचं नाव कुणाच्या ओठी येत नाही.

मला ठाऊक होतं कारण त्या मोरीपलीकडे माझं माहेर.
हे आराखड्यात नाही.
आराखडा जाडजूड आहे, स्पायरलचा;
पान बेचाळीसवर माझ्या पदासमोर
बदली होऊन गेलेल्या माणसाचा नंबर.

पोलिसांचा वायरलेस अग्निशामकाच्या वायरलेसला ऐकू येत नाही.
दोन्ही एकाच टेबलावर, मध्ये वीतभर जागा.
मग मी एकाचा माइक दुसऱ्याच्या जाळीला धरला,
फोन खांद्यात दाबला,
आणि जोगणीच्या वडाला क्रमांक दिला, अक्षांश दिले, खांब दिला.
पलीकडून कायतान मास्कारेन्हस ओरडला,
"आतां कळ्ळें! पयलीं खांबाचो करंट काड,
ना जाल्यार होडें घालपाक जायना."

लाइनमन म्हणाला, आदेश कोणाचा?

मामलेदार पडलेल्या झाडाच्या अलीकडे, गाडीत.
त्यांचा फोन लागत नव्हता.
खोलीत मी, आणि भिजलेली चप्पल, आणि भिंतीवर
मागच्या वर्षीचं कॅलेंडर.
म्हटलं, आदेश आहे. बंद कर.

तीन एकावन्नला अर्ध्या तालुक्यात काळोख पडला
आणि मला पहिल्यांदा थंडी वाजली.

उजाडल्यावर आकडे आले.
पोलिसांकडे आठ, आरोग्य खात्याकडे सहा,
एका पोराला दोघांनी मोजलं होतं, दोघांना कुणीच नाही.
मी शाळेत फोन करून एकेकाचं नाव पुकारायला लावलं.
सात "हय" ऐकले. शेवटचा फार बारीक.

आता चौकशी आहे, सोमवारी, अकराला.
तीन एकावन्नच्या ओळीत "कोणाकडून" हा रकाना
त्या रात्री कोरा राहिला होता.
काल संध्याकाळी शाईने भरला:
सुलक्षा गांवस, कनिष्ठ लिपिक.

धुरींचा फोन आला होता मध्येच.
कामाचं काही नव्हतं.
"पोचलं होतं ना, बाई?"
पंखा चालू होता. मी उठून बंद केला,
आणि परत विचारायला लावलं.